डाव्या बुटातला पेन्फोल्ड

इस्मे गिटन्सने एका माणसाला त्रेपन्न वर्षं पायाखाली तुडवलं आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता.

उपाय तिच्या आजीचा. बार्बाडोसमध्ये, उसाच्या शेताला लागून असलेल्या लाकडी घराच्या पायरीवर बसून आजी सांगायची: ज्याने तुझं वाटोळं केलं त्याचं नाव कागदावर लिही, घडी घाल, डाव्या बुटात टाचेखाली ठेव आणि चालायला लाग. इस्मे चालली. लंडनच्या फुटपाथवर चालली, इस्पितळाच्या धुलाईघरात चालली, चर्चच्या पायऱ्या चढली. कागद झिजला की ती नवा लिहायची. नवे बूट घेतले की घरी येऊन आधी नाव बदलायची, मग चहा ठेवायची. गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली तेव्हा इस्पितळाच्या सपातीतसुद्धा तो कागद होता. नर्सला सापडला. "हे काय, मिस गिटन्स?" "औषध," इस्मे म्हणाली, "ठेव जागच्या जागी." रविवारी पाद्रीबाबा क्षमेवर बोलायला लागले की ती सगळ्यांसारखी मान डोलवायची आणि डावी टाच जरा जोरात दाबायची. कागदावरचं नाव एकच: रॉय पेन्फोल्ड.

वाचणाऱ्याला वाटेल, बाई मुळातच खुनशी असणार. अजिबात नाही. शेजारणीच्या मांजराने तिचा रविवारचा मासा पळवला, ते ती आठवड्यात विसरली. तिच्या लेकीचा, मार्वाचा बाप त्रिनिदादला तेलाच्या कामावर गेला तो गेलाच, त्याच्या नावाने तिने कागदाचा कपटाही वाया घालवला नाही. पेन्फोल्डची गोष्ट वेगळी होती, आणि मला विचाराल तर एक बूट त्याला कमीच पडला.

एकोणीसशे एकसष्ट साली लंडनच्या भुयारी रेल्वेने बेटावरून माणसं भरती करून नेली, त्यांत तेवीस वर्षांची इस्मे होती. तीन वर्षांची मार्वा तिने आपल्या आईच्या पदरात टाकली. "दोन वर्षांत बोलावून घेते," असं सांगून बोटीत चढली. बोटीतल्या सगळ्याच बायांनी असंच काहीतरी सांगितलेलं होतं. तीन-चार वर्षं तिने या ना त्या स्टेशनात फरशा पुसल्या, आणि पासष्टच्या जानेवारीत तिला बढती मिळाली. सार्डिनिया स्ट्रीट स्टेशनवर लिफ्टवाली.

हे स्टेशन म्हणजे एका फाट्याचं शेंडीसारखं टोक. मोठ्या स्टेशनातून एकच रूळ निघायचा, अर्धा मैल जमिनीखालून यायचा आणि वकिलांच्या कचेऱ्या नि छापखाने यांच्या खाली येऊन संपायचा. गाडी एकच, दिवसभर नुसती पुढे-मागे. तीही कचेरीच्या वेळेपुरती. दुपारी कुलूप, शनिवार-रविवार कुलूप. जे लोक ती गाडी वापरायचे ते एकमेकांना चेहऱ्याने ओळखायचे, पण कधी बोलायचे नाहीत. वर हिरव्या फरश्यांची तिकीट-खिडकी, खाली एक लांबलचक फलाट, मध्ये कुरकुरणारी लिफ्ट. इस्मेला ती जागा आवडायची. लिफ्टचं लोखंडी दार ती अशा झोकात ओढायची की टोपीवाले वकीलसुद्धा आपोआप मागे सरायचे.

शेवटची गाडी सात वाजता गेली की एक काम उरायचं. त्याला सगळे "फेरी" म्हणायचे. कोणीतरी खाली जाऊन फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, "स्टेशन बंद होतंय" असं तीनदा ओरडायचं, प्रत्येक बाक बघायचा, आणि अगदी टोकाला, बोगद्याच्या तोंडाशी टांगलेला लोखंडी बिल्ला काढून वर आणायचा. बिल्ला वर खोलीत आला म्हणजे खाली कोणी राहिलं नाही. मगच कुलूप.

नियमाप्रमाणे फेरी फोरमनची. फोरमन रॉय पेन्फोल्ड, वय पस्तीस, केसांना चोपडलेलं तेल, आणि एकही शब्द थट्टेशिवाय न बोलणारा. इस्मेच्या पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, "पोरी, तुझे पाय तरुण आहेत, माझ्या पोटऱ्यांना गोळे येतात. जा, बिल्ला आण बघू." ती गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग वहीत फेरीच्या रकान्यात रोज तिचं नाव पडायला लागलं. तक्रार तिने केली नाही. तिकीट-खिडकीवरची जागा रिकामी होणार होती, पेन्फोल्डची शिफारस लागणार होती, आणि खिडकीवरची नोकरी म्हणजे मार्वा.

सहासष्टचा मार्च, अकरा तारीख, शुक्रवार. खिडकीची नोकरी जवळजवळ पक्की झालेली. स्टॉकवेलमध्ये एक घरमालकीण काळ्या माणसाला, आणि वर पोरासकट, खोली द्यायला तयार झालेली. त्या काळात अशी बाई लंडनभर शोधून सापडत नसे. साडेसहाला खोली बघायला ये, नाहीतर दुसऱ्याला देते, असा निरोप होता.

"मिस्टर पेन्फोल्ड, आज मी सहाला जाऊ का? खोली बघायची आहे. फेरीचं तेवढं..."

"जा गं, जा," तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला. "फेरी मी मारतो. स्टेशन काय तुझ्या बापाचं आहे?"

ती हसत गेली. खोली पाहिली, किल्ली घेतली. शनिवार-रविवार ती किल्ली तिच्या उशीखाली होती. मालकिणीची अट एवढीच होती की रेल्वेतून नोकरीची चिठ्ठी आण.

सोमवारी सकाळी स्टेशन उघडलं तेव्हा फलाटाच्या लांबच्या टोकाला, शेवटच्या बाकाखाली एक म्हातारा सापडला. ऑब्री टेंच, छापखान्यात मुद्रितं तपासणारा. शुक्रवारी बाकावर डुलकी लागली, जाग आली तेव्हा सगळं काळंकुट्ट आणि वर कुलूप. दोन दिवस, तीन रात्री. माणूस जिवंत निघाला, पण छातीत कफ भरला आणि एकोणीस दिवसांनी गेला.

चौकशीला तीन साहेब बसले. टेंचची बायको भिंतीपाशी काळ्या हातमोज्यांत बसली होती.

"मिस गिटन्स, लवकर जायची परवानगी कोणी दिली?"

"मिस्टर पेन्फोल्डनी."

"लेखी?"

"तोंडी, साहेब."

पेन्फोल्ड उठला. त्या दिवशी त्याने एकही थट्टा केली नाही. "मी कशाला परवानगी देईन, साहेब? फेरी तिची. वही बघा ना. मला वाटलं, फेरी मारूनच गेली असेल. विसरली असेल पोरगी. स्वभावाने वाईट नाही, पण धांदरट."

वही बघितली गेली. चौदा महिने रोज इस्मेचं नाव. चौदा महिने त्याचं काम केल्याचं फळ हे, की ते काम तिचंच ठरलं. टेंचबाईंनी तिच्याकडे एकदाच बघितलं, ती नजर इस्मेला अजून आठवते. ती बाई आपल्या नवऱ्याला कोणी मारलं याबद्दल चुकीचा समज घेऊनच पुढे मेली. इस्मेला कामावरून काढलं. चिठ्ठी गेली, खोली गेली, किल्ली तिने मालकिणीच्या दारातून आत सरकवली. त्याच दिवशी तिने वाण्याकडून मिळालेल्या पिशवीचा कोपरा फाडला, नाव लिहिलं आणि डावा बूट काढला.

पुढची चूक मात्र तिची स्वतःची, आणि ती त्या बेटावरचीच माणसं करू जाणोत. परदेशी गेलेल्याने घरी वाईट लिहायचं नसतं. गावात आईने मान ताठ करून चालायचं असतं, मग पोरगी तिकडे उपाशी का असेना. इस्मे इस्पितळाच्या धुलाईघरात रक्ताच्या चादरी उकळत होती आणि आईला लिहीत होती: काम उत्तम, साहेब खूश, मार्वाला पुढच्या वर्षी नक्की. सोबत पेटी भरून फ्रॉक, बाहुल्या, पांढरे बूट. एकदा ब्रिक्स्टनच्या स्टुडिओत फोटोही काढून पाठवला. केसाळ कॉलरचा कोट स्टुडिओचा, हातात टेलिफोन, तोही स्टुडिओचा, त्याची तार टेबलामागे नुसती लोंबत होती. तो फोटो इस्मेच्या आईने भिंतीवर लावला आणि मार्वा रोज त्याच्याकडे बघत मोठी झाली.

मार्वा लंडनला आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. मम्मी ती आजीला म्हणायची, आईला "इस्मे". चार वर्षांनी एका भांडणात ती म्हणाली, "तुझ्याकडे कोट होता, फोन होता. फक्त माझ्यासाठी जागा नव्हती. सरळ सांग ना, विसरलीस मला." इस्मे कप विसळायला लागली. खरं सांगायचं तर आधी हे सांगायला हवं होतं की तुझी आई हाकललेली बाई आहे आणि एका म्हाताऱ्याच्या मरणाचा ठपका तिच्यावर आहे. ते तिच्या जिभेवर येईना. मार्वा नर्स झाली, ल्यूटनला राहिली, दर पंधरवड्याला यायची, औषधं लावून ठेवायची, कपाळाचं चुंबन घ्यायची. सगळं वेळच्या वेळी आणि चोख. इस्मेला त्या चोखपणाचा राग यायचा, आणि तो राग ती टाचेखालच्या कागदावर काढायची.

आणि मग एक्याऐंशीव्या वाढदिवसाला मार्वाने पाकीट पुढे केलं. "बघ काय आणलंय. तुझं ते स्टेशन, अठ्ठावीस वर्षं बंद पडलेलं, आता लोकांना दाखवतात. शनिवारी सकाळी. तिथे काम केलेला एक म्हातारा स्वतः सगळं दाखवतो म्हणे."

पाकिटातल्या कागदावर फोटो होता. केस गेले होते, पण ते हसू तेच. सार्डिनिया स्ट्रीटच्या आठवणी, सांगणारे रॉय पेन्फोल्ड, नऊ वर्षं फोरमन.

"आवडलं का?" मार्वाने विचारलं.

"फार," इस्मे म्हणाली. तिने सगळा भार डाव्या टाचेवर टाकला. मार्वाला वाटलं गुडघा दुखतोय.

शनिवारी इस्मेने ठेवणीतली जांभळी टोपी घातली. तिला एकच गोष्ट हवी होती: त्या माणसाने चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने खोटं कबूल करावं. त्यात एकच अडचण होती, ती तिचा दंड धरून पायऱ्या उतरत होती. पेन्फोल्डचं पितळ उघडं पाडायचं तर आपण इतकी वर्षं झाकून ठेवलेलं मार्वासमोर उघडं पडणार. लिफ्ट कधीच मेलेली, एकशे एकवीस पायऱ्या. साठाव्या पायरीवर इस्मे थांबली.

"दम लागला का? वर जाऊ या का परत?" मार्वा म्हणाली.

"परत जायला आलेय होय मी?" इस्मे म्हणाली आणि पुढची पायरी उतरली.

खाली पंधरा-वीस माणसं जमली होती. कॅमेरे गळ्यात, डोक्यावर पिवळी शिरस्त्राणं. फिलिपा नावाची एक पोरसवदा बाई सगळ्यांना सांभाळत होती. तिच्या छातीवर आवाज टिपायचं यंत्र होतं. "मिस्टर पेन्फोल्ड जे सांगतील ते आपण कायमचं जपून ठेवणार आहोत," ती म्हणाली. "पुढे जो कोणी इथे येईल त्याला ते कानात ऐकू येईल." म्हणजे हा मेल्यावरही बोलत राहणार, इस्मेच्या मनात आलं.

पेन्फोल्ड एकोणनव्वदीचा, हातात काठी, पण जीभ तीच. त्याने उंदरांचे किस्से सांगितले, एका न्यायाधीशाची विजार लिफ्टच्या दारात कशी अडकली ते सांगितलं. लोक हसत होते. त्याने इस्मेकडे दोनदा पाहिलं, दोन्हीदा टोपीकडे. ओळख नाही. मग आवाज खाली आणून तो म्हणाला:

"आता एक वाईट गोष्ट, मंडळी. इथे रोज संध्याकाळी फेरी मारायची असे. मी नऊ वर्षं मारली, एक दिवस चुकवली नाही. सगळा फलाट चालून टोकाचा बिल्ला काढून आणायचा. एका शुक्रवारी ते काम मी बेटावरून आलेल्या एका पोरीवर सोपवलं. नाव काय बरं... ग्लोरिया. गोड पोरगी, पण डोकं म्हणजे पिठाची चाळण. गेली की विसरून! एक म्हातारा सोमवारपर्यंत अडकला. मीच त्याला शोधून काढलं. तिचं नाव मी कधी कुठे घेत नाही. म्हटलं जाऊ दे, तिलाही पोरंबाळं असतील."

लोकांनी च्च् च्च् केलं. काही जण चाळणीवर हसले. मार्वाही हसली, आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "तुझीच मैत्रीण शोभते, इस्मे. सगळ्याच विसरभोळ्या."

मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी इस्मेच्या डोळ्यांपुढे काठी होती, पेन्फोल्डचं टक्कल होतं, आणि दोन्हींत हातभर अंतर होतं. ती हसली. तिच्या हसण्याइतकं गोड हसू त्या फलाटाने आजवर पाहिलं नसेल.

"मिस्टर पेन्फोल्ड, एक विचारू का?"

"विचार ना, बाई. टोपी काय सुरेख आहे!"

"तो बिल्ला कुठे असायचा?"

"तिकडे, टोकाला. भिंतीत खिळा होता, असा खांद्याच्या उंचीवर."

"आणि रोज तुम्हीच काढायचात?"

"रोज. डोळे मिटूनसुद्धा काढला असता."

"मग दाखवा ना आम्हाला. एवढं लांब आलोय."

लोकांनी माना डोलावल्या. पेन्फोल्ड बोगद्याकडे बघून म्हणाला, तिकडे काय, भिंतच आहे नुसती. पण फिलिपाला हुरूप आला. "अहो, हे कोणालाच माहीत नाही! चला." वरात टोकाकडे निघाली. पेन्फोल्ड सगळ्यांत मागे, काठी टेकत. बोगद्याच्या तोंडाशी येईपर्यंत त्याच्या वरच्या ओठाला घाम सुटला होता. त्याने भिंतीवर काठीचं टोक ठेवलं. "इथे."

पांढऱ्या फरश्या गुळगुळीत होत्या. खिळा नाही, खिळ्याचं भोक नाही.

"फरश्या बदलल्या वाटतं," पेन्फोल्ड म्हणाला.

"नाही," फिलिपा जरा गोंधळून म्हणाली. "या मूळच्याच आहेत, एकही बदललेली नाही."

"फिलिपा बाळ," इस्मे म्हणाली, "ती वाळूची पेटी आहे ना, तिच्यामागे खाली वाकून हात घाल. गुडघ्याच्या उंचीवर भिंतीत कोनाडा आहे. माझा गुडघा आता वाकत नाही, नाहीतर मीच दाखवलं असतं."

फिलिपा गुडघ्यांवर बसली, बॅटरी मारली, हात घातला. "अय्या! हुक आहे इथे! आणि फरशीवर अर्धगोल चरा पडलाय, काहीतरी वर्षानुवर्षं घासल्यासारखा."

"बिल्ला झुलायचा त्याचा," इस्मे म्हणाली. "मुद्दाम इतक्या खाली ठेवला होता. तो काढायला गुडघे टेकावेच लागत, आणि गुडघे टेकले की शेवटच्या बाकाखालचं दिसतंच. जो एकदा जरी फेरीला आला, त्याला हे माहीत असणार. रोज माझे मोजे गुडघ्यावर काळे व्हायचे. मिस्टर पेन्फोल्ड, तुमच्या विजारीला कधी डाग नाही दिसला."

आता त्याने पहिल्यांदा टोपीखाली पाहिलं.

"ग्लोरिया," तो पुटपुटला.

"ग्लोरिया माझ्या आधी होती आणि तीही विसरभोळी नव्हती. मी इस्मे गिटन्स. चौदा महिने तुमची फेरी मी मारली. अकरा मार्चला सहा वाजता तुम्ही म्हणालात, जा गं, जा, फेरी मी मारतो. हातात वर्तमानपत्र होतं. आठवतंय? फिलिपा, यंत्र चालू आहे ना?"

"आहे," फिलिपाच्या तोंडून कसंबसं निघालं.

"मग बोला, मिस्टर पेन्फोल्ड. ऑब्री टेंचला कोणी कोंडलं?"

मार्वाने आईचा दंड सोडला होता. ती एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. इस्मेने तिच्याकडे बघायचं टाळलं. आता मागे फिरणं नव्हतं आणि तिला ते नकोही होतं. म्हाताऱ्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडत चाललेला ती डोळे भरून बघत होती, आणि खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटत होतं. मनापासून बरं वाटत होतं.

पेन्फोल्डची काठी सुटली. दोघांनी धरून त्याला शेवटच्या बाकावर बसवलं.

"मी नाही गेलो," तो म्हणाला. "त्या दिवशी नाही गेलो. कधीच नाही गेलो. पोरीला मीच जा म्हटलं होतं, वरूनच कुलूप लावलं. सोमवारीसुद्धा त्याला तिकीटवाल्याने शोधलं, मी नाही." यंत्र सगळं टिपत होतं. इस्मेला हवं ते मिळालं होतं. पण म्हातारा थांबला नाही. "एकेचाळीस साली बॉम्बमध्ये आमचं घर पडलं. अकरा वर्षांचा होतो. दहा तास ढिगाऱ्याखाली, शेजारी धाकटी बहीण. ती पहिल्या तासातच बोलायची थांबली. तेव्हापासून असं टोक, असा अंधार... पाऊलच पडायचं नाही माझं. कोणाला सांगणार? फोरमन होतो ना मी."

आणि तो रडायला लागला, मोठ्याने, नाक गळेपर्यंत.

झालं. फलाटावरची हवाच फिरली. कोणी "अरेरे" म्हणालं, कोणी "बिचारा". एका गृहस्थाने डोक्यावरचं शिरस्त्राण काढून छातीशी धरलं. फिलिपा डोळे पुसत होती. आणि मार्वा, जिने पस्तीस वर्षं अशा थरथरणाऱ्या माणसांना सावरलं होतं, तिचे हात मेंदूला न विचारताच चालू झाले. ती त्याच्यापुढे बसली, पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली, मनगट धरून नाडी बघू लागली. "सावकाश. एक घोट घ्या. काही नाही झालेलं. घ्या."

इस्मेच्या अंगाची लाही लाही झाली. इतक्या वर्षांनी तावडीत सापडलेला माणूस दोन मिनिटांत सगळ्यांचा लाडका झाला होता, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवणारी तिचीच लेक होती.

"मलाही भीती वाटायची," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण भुयारात तो सगळ्यांना ऐकू गेला.

"रोज संध्याकाळी वाटायची. बोगद्यातून वारं यायचं, पायांवरून उंदीर जायचे. मी या टोकाला असतानाच तुम्ही वरून दिवे मालवायचात, कारण तुम्हाला घाई असायची. ही सगळी वाट मी भिंतीला हात लावत काळोखात परत यायचे. बेटावर मी कधी जमिनीखाली गेले नव्हते, मिस्टर पेन्फोल्ड. आमच्याकडे जमिनीखाली फक्त मेलेल्यांना ठेवतात. माझी वाचा बसायची, म्हणून मी जास्त जोरात ओरडायचे. पण मी जायचे."

इस्मे एक पाऊल पुढे आली.

"तुम्ही त्या दिवशी एवढंच म्हणाला असतात, की इस्मे, मला नाही जमत, थांब. मी थांबले असते. हसलेही नसते तुम्हाला. गेली असती खोली तर गेली असती, दुसरी शोधली असती. टेंच घरी जाऊन जेवला असता. माझी नोकरी राहिली असती. आणि ही," तिने मार्वाकडे बोट केलं, "ही आठव्या वर्षी माझ्याकडे आली असती. पंधराव्या वर्षी परकी होऊन नाही."

मार्वाचा हात त्या मनगटावर तसाच राहिला.

"कुठली खोली, इस्मे?"

"स्टॉकवेलची. त्या संध्याकाळी तीच बघायला गेले होते. आपल्या दोघींची. किल्लीसुद्धा माझ्याकडे होती. तुझी खाट खिडकीपाशी लावायची ठरवली होती, येणारे-जाणारे दिसावेत म्हणून."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं. ती चूक माझी. खोली गेली ती याची."

मार्वाने म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याने बाटली तोंडाकडे नेली होती, पाणी हनुवटीवर सांडत होतं, अजून दोन घोटसुद्धा घेऊन झाले नव्हते. ती उठून उभी राहिली. त्याच्या हातातून तिने बाटली काढून घेतली, झाकण फिरवून घट्ट बसवलं आणि आपल्या पिशवीत टाकली.